एन ओ बूस्टरचा डोस डबल करू का?

पत्र असं आलंय:

"ताई, हे विचारायला ऑकवर्ड होतंय पण दुसऱ्या कोणाला विचारू कळत नाही. वय ४४, नाशिकला कंपनीत सुपरवायझर आहे, शिफ्ट ड्युटी. वर्ष होत आलं, ताठरता पहिल्यासारखी येत नाही, आली तर मधेच जाते, सकाळी उठताना असायची ती पण आताशा क्वचितच. जिमच्या ट्रेनरने आर्जिनिनवाला एन ओ बूस्टरचा डबा दिला, म्हणाला नोबेल मिळालेला फॉर्म्युला आहे, रक्त धावेल. घेतल्यावर अंगाला मुंग्या येतात पण मेन काम काही होत नाही. डोस डबल करू का? सिट्रुलिन जास्त भारी असतं म्हणतात ते खरं का? मित्राने व्हायग्रावाली गोळी पण दिलीय, ती डब्यासोबत चालेल का? कंपनीच्या मेडिकलमध्ये शुगर बॉर्डरला आहे म्हणाले होते, बाकी गोळी कसलीच चालू नाही. तंबाखू आहे थोडी. बायकोला वाटतंय माझं बाहेर काहीतरी चालू आहे."

दादा, आधी तुमच्या प्रश्नांची उत्तरं देऊन टाकते, कारण तुम्ही तीच शोधत खाली स्क्रोल करणार. (एन ओ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड, रक्तवाहिन्या सैल करणारा गॅस; आर्जिनिन आणि सिट्रुलिन ही अमिनो अ‍ॅसिड्स, ज्यांच्यापासून शरीर तो बनवतं.) डोस डबल करू नका. सिट्रुलिन आर्जिनिनपेक्षा अंगाला जास्त लागतं हे खरं आहे, पण "भारी" म्हणावं इतका पुरावा अजून नाही. मित्राची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही, आणि त्या डब्यासोबत तर अजिबात नको. आता ती बॉर्डरची शुगर आणि "थोडी" तंबाखू, जी तुम्ही शेवटी जाता जाता लिहून टाकलीत, मला विचाराल तर खरं पत्र तेवढंच आहे, बाकी सगळी प्रस्तावना. मी फार्माकॉलॉजी शिकवते, तुम्हाला तपासलेलं नाही, त्यामुळे हे वाचून डॉक्टरकडे जायचं आहे, हे वाचून डॉक्टर टाळायचा नाही, एवढं आधीच ठरवूया.

मुंग्यांचं आधी सांगते, कारण त्याच्यावर हे डबे खपतात. डब्याच्या मागचं बारीक अक्षर वाचा, आर्जिनिन आणि सिट्रुलिन मॅलेटच्या जोडीला बहुतेक बीटा-अलॅनिन असेल. चेहरा, कान, हातांवर मुंग्या येतात त्या त्याच्यामुळे, ते कातडीच्या नसांना गुदगुल्या करतं, तास-दीड तासात जातं, सहसा धोकाही नसतो, पण रक्त धावण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही. माणसाला वाटतं काहीतरी होतंय राव, पैसे वसूल. आणि "प्रोप्रायटरी ब्लेंड" असं लिहून सगळ्याचं मिळून एकच वजन दिलं असेल तर आत आर्जिनिन किती हे तुम्हालाही कळणार नाही आणि मलाही नाही, मग डबल कशाचं करणार? त्यात कॅफिन असेल तर ते मात्र डबल होईल, आणि शिफ्टवाल्या माणसाची झोप आधीच बोंबललेली असते.

नोबेलचं म्हणाल तर ट्रेनर अर्धं खरं बोलला. १९९८ सालचं मेडिसिनचं नोबेल रॉबर्ट फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिद मुराद या तिघांना मिळालं, ते नायट्रिक ऑक्साइड नावाचा गॅस आपल्या रक्तवाहिन्यांमध्ये निरोप्याचं काम करतो हे शोधल्याबद्दल. गंमत म्हणजे त्याच वर्षी मार्चमध्ये अमेरिकेत व्हायग्राला परवानगी मिळाली. पण बक्षीस मिळालं शोधाला, कुठल्या पावडरीला कधीच नाही, आणि डब्यावर ते छापणं म्हणजे न्यूटनच्या नावाने लिफ्ट विकण्यातला प्रकार आहे.

आता आतमध्ये होतं काय ते नीट समजून घ्या, मग डब्याचा खरेखोटेपणा तुमचा तुम्हालाच कळेल. इच्छा झाली की मेंदूकडून निरोप निघतो, लिंगाकडे जाणाऱ्या नसांच्या टोकाशी नायट्रिक ऑक्साइड सुटतं, सुरुवात त्याने होते. मग रक्त आत यायला लागलं की रक्तवाहिनीच्या आतलं जे पातळ अस्तर असतं, एन्डोथेलियम, ते स्वतः आणखी नायट्रिक ऑक्साइड सोडतं आणि ताठरता टिकवतं. हा गॅस स्नायूच्या पेशीत शिरून सी-जीएमपी नावाचं रसायन वाढवतो, त्याने आतले गुळगुळीत स्नायू सैल पडतात, पोकळ्या रक्ताने भरतात, बाहेर नेणाऱ्या शिरा दाबल्या जातात आणि रक्त अडून राहतं. म्हणजे ताठ व्हायला आतलं काहीतरी सैल पडावं लागतं, आणि टेन्शनमध्ये अ‍ॅड्रेनॅलिन नेमकं उलटं करतं, सगळं आवळतं. आज जमेल का, आज जमेल का असं डोक्यात चालू असलं की जमत नाही ते यामुळेच.

हे नायट्रिक ऑक्साइड शरीर बनवतं आर्जिनिनपासूनच. तिथपर्यंत ट्रेनर बरोबर. त्यातून लोकांनी साधा हिशोब केला की आर्जिनिन वाढवा, गॅस वाढेल, काम होईल. पण ते बनवणाऱ्या एन्झाइमला अर्ध्या वेगाने चालायला जेवढं आर्जिनिन लागतं त्याच्या वीस-तीस पट आपल्या रक्तात एरवीच फिरत असतं, पेशीच्या आत तर त्याहून जास्त. साखर कारखान्याच्या गेटबाहेर उसाच्या ट्रॉल्यांची रांग लागलेली असताना अजून शंभर ट्रॉल्या आणून उभ्या केल्या म्हणून गाळप वाढत नाही, आतली मशीन बिघडली असेल तर रांग फक्त लांब होते. तुमचा प्रॉब्लेम बहुतेक मशीनचा आहे.

मशीन बिघडवतं कोण, तर वाढलेली शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल, तंबाखू, पोटाचा घेर. यांनी एन्डोथेलियमला सूज आणि गंज चढतो, बनलेलं नायट्रिक ऑक्साइड वापरायच्या आधीच मधल्यामध्ये फ्री रॅडिकल्स नावाचे उपद्रवी रेणू खाऊन टाकतात, आणि मशीन फारच बिघडलं तर ते स्वतःच नायट्रिक ऑक्साइडच्या ऐवजी तेच फ्री रॅडिकल्स बनवायला लागतं. अशा लोकांच्या रक्तात एडीएमए नावाचा एक पदार्थ पण वाढलेला सापडतो, दिसायला आर्जिनिनचा जुळा भाऊ, एन्झाइमवर जाऊन बसतो आणि काम अडवतो. म्हणूनच काही जणांना जास्तीच्या आर्जिनिनचा फायदा होतो असा अंदाज आहे, खरं आर्जिनिन भरपूर झालं की या जुळ्याला उठवता येतं. त्यामुळे हे सगळं थोतांड आहे असं मी म्हणणार नाही, ते पण खोटं ठरेल.

ट्रायल्स काय म्हणतात ते बघा. १९९९ साली एका अभ्यासात रोज ५ ग्रॅम आर्जिनिन सहा आठवडे दिलं, २९ पैकी ९ जणांना फरक वाटला, नुसती खोटी पावडर दिलेल्या १७ पैकी २ जणांना, आणि फरक वाटलेले ते ९ जण असे होते की ज्यांच्या शरीरात नायट्रिक ऑक्साइड मुळातच कमी बनत होतं. त्याच वर्षीच्या दुसऱ्या अभ्यासात रोज दीड ग्रॅम दिलं, खोट्या गोळीपेक्षा काहीही जास्त झालं नाही. २०१९ मध्ये अशा दहा ट्रायल्स, मिळून ५४० माणसं, एकत्र करून बघितल्या तर दीड ते पाच ग्रॅम आर्जिनिनने, एकटं किंवा दुसऱ्या कशाच्या जोडीने, सौम्य ते मध्यम त्रासात फायदा दिसला. पण अभ्यास छोटे, काही आठवड्यांचे, आणि बऱ्याच ठिकाणी सोबत पाइनच्या सालीचा अर्क वगैरे मिसळलेला, मग श्रेय नक्की कोणाला द्यायचं? माझं मत विचाराल तर सौम्य त्रास असेल, तपासण्या नीट असतील तर थोडाफार आधार मिळू शकतो, तुमच्या वर्णनावरून मात्र हे आधी तपासण्याचं प्रकरण वाटतंय.

सिट्रुलिनचं लॉजिक चांगलं आहे, ते मला आवडतं पण. तोंडाने घेतलेल्या आर्जिनिनचा बराच वाटा आतडं आणि लिव्हर मिळून फस्त करतात, तिथे आर्जिनेज नावाचं एन्झाइम बसलेलंच असतं. सिट्रुलिनला लिव्हर हात लावत नाही, ते सरळ किडनीपर्यंत जातं आणि तिथे त्याचं आर्जिनिन होतं, त्यामुळे रक्तातलं आर्जिनिन सिट्रुलिन घेऊन जास्त छान वाढतं, आणि पोटही कमी बिघडतं. कलिंगडात हे भरपूर असतं, त्याचं नावच कलिंगडाच्या लॅटिन नावावरून पडलंय. २०११ साली इटलीत २४ पुरुषांवर एक अभ्यास झाला, रोज दीड ग्रॅम, एक महिना. सगळ्यांचा त्रास सौम्य होता. निम्म्यांची ताठरता नॉर्मल झाली, खोट्या गोळीवर ८ टक्क्यांची. आकडा मस्त वाटतो ना, पण माणसं चोवीस! एवढ्या छोट्या अभ्यासावर मी कोणाला डबा विकत घ्या म्हणणार नाही, पण रिपोर्ट चांगले आले आणि डॉक्टर हो म्हणाले तर महिनाभर करून बघायला माझी हरकतही नाही. आणि घ्यायचंच झालं तर साधं एल-सिट्रुलिन घ्या ज्यावर ग्रॅममध्ये आकडा लिहिलाय. सिट्रुलिन मॅलेट म्हणजे सिट्रुलिनला मॅलिक अ‍ॅसिडची जोड, त्यात त्या मॅलेटचं वजन पण धरलेलं असतं. कलिंगड खाऊन हा डोस गाठायचा विचार करू नका, रोज अर्धं-एक कलिंगड खावं लागेल आणि शुगर बॉर्डरवर आहे तुमची.

(केमिस्टकडे नुसतं आर्जिनिन मागितलंत तर तो सॅशे काढून देईल आणि विचारेल मिसेसना कितवा महिना चालू आहे, कारण आपल्याकडे हे सॅशे जास्त करून गरोदर बायकांना लिहून देतात, बाळाची वाढ कमी असेल तर. दचकू नका, माल तोच आहे.)

डोस डबल करू नका म्हणाले त्याचं कारण फक्त पैसे वाया जातील एवढंच नाही. नऊ-दहा ग्रॅमच्या पुढे पोट बिघडतं, जुलाब लागतात. ज्यांना ओठावर तापाचे फोड, म्हणजे हर्पीस, सारखे येतात त्यांना ते वाढू शकतात असं म्हणतात. बीपीच्या गोळ्या चालू असणाऱ्यांचं बीपी आणखी खाली येऊ शकतं. आणि एक गोष्ट जी जिममध्ये कोणीच सांगत नाही: २००६ साली अमेरिकेतल्या एका अभ्यासात नुकताच हार्ट अटॅक येऊन गेलेल्या १५३ लोकांपैकी काहींना रोज तीन वेळा तीन-तीन ग्रॅम आर्जिनिन दिलं, वाटलं होतं हृदयाला मदत होईल. सहा महिन्यांत आर्जिनिनवाल्यांपैकी ६ जण गेले, दुसऱ्या गटात एकही नाही, अभ्यास मधेच थांबवावा लागला. हृदयाचा फायदा तर काही दिसलाच नाही. तुम्हाला अटॅक आलेला नाही मान्य, पण तुमच्या हृदयाच्या नळ्या कशा आहेत हे आत्ता कोणालाच माहीत नाही, तुम्हाला पण नाही.

आणि आता मेन मुद्दा. लिंगाच्या रक्तवाहिन्या एक-दोन मिलिमीटरच्या असतात, हृदयाच्या तीन-चार. खराबी सगळीकडे एकदमच सुरू होते पण बारीक नळी आधी बोलते. ताठरतेचा त्रास सुरू झाल्यावर दोन ते पाच वर्षांनी हृदयाचा त्रास दिसतो असं बऱ्याच लोकांमध्ये आढळलंय. घाबरवायचा हेतू नाही, उलट मला हे चांगलं वाटतं, की शरीराने आधी सांगितलं, आणि अशा ठिकाणी सांगितलं जिथे पुरुष माणूस दुर्लक्ष करूच शकत नाही! छातीत जळजळलं असतं तर तुम्ही अ‍ॅसिडिटीची गोळी खाऊन गप्प बसला असतात.

सकाळची ताठरता पण कमी झाली असं तुम्ही लिहिलंय ते महत्त्वाचं आहे. नुसतं टेन्शन असतं तर झोपेत ती बहुतेक टिकली असती. शिफ्टमुळे झोप तुटत असेल तर तिथेही गडबड होते हे खरं, त्यामुळे त्यावरून एकदम निकाल लावू नका, पण रक्तवाहिन्या किंवा हार्मोन तपासायला हवेत एवढं नक्की.

तर फॅमिली डॉक्टरकडे जा आणि आडवळणाने "वीकनेस आहे" असं न म्हणता सरळ सांगा, ताठरता येत नाही. ते रोज ऐकतात हो. अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये ४० ते ७० वयाच्या पुरुषांना विचारलं तर ५२ टक्क्यांना कमी-जास्त प्रमाणात हा त्रास होता, तुम्ही काही जगावेगळे नाही. बीपी मोजा, उपाशीपोटी शुगर आणि एचबीए१सी (मागच्या तीनेक महिन्यांच्या शुगरची सरासरी) करा. एचबीए१सी ५.७ ते ६.४ टक्के आली तर बॉर्डर, ६.५ किंवा वर गेली तर डायबेटिस, आणि कंपनीच्या मेडिकलला किती दिवस झाले कोण जाणे, बॉर्डर कधीच ओलांडली असेल. लिपिड प्रोफाइल, किडनी, थायरॉइड, आणि टेस्टोस्टेरॉन. ते सकाळीच द्यायचं, दुपारी घेतलं तर कमी दिसतं. नाईट शिफ्ट करून लगेच रक्त द्यायला जाऊ नका, सुट्टीच्या आठवड्यात झोप पूर्ण करून जा. दोन जिने भरभर चढताना दम लागतो का किंवा छातीत दाटतं का ते पण डॉक्टरांना सांगा, हो असेल तर ईसीजी वगैरे होईपर्यंत सगळे प्रयोग बंद. नंतर लागलंच तर यूरोलॉजिस्ट. रेल्वेच्या भिंतींवर ज्यांच्या जाहिराती रंगवलेल्या असतात ते तज्ज्ञ मात्र कृपया नकोत.

मित्राच्या गोळीचं. सिल्डेनाफिल, म्हणजे व्हायग्रातलं औषध, नायट्रिक ऑक्साइड बनवत नाही, ते पुढच्या पायरीवर काम करतं, सी-जीएमपी तोडणारं एन्झाइम अडवतं, म्हणजे जे काही थोडंफार बनतंय ते जास्त वेळ टिकतं. म्हणून इच्छा आणि स्पर्श नसेल तर गोळी खाऊनही काही होत नाही. या त्रासात सगळ्यात भक्कम पुरावा याच गोळ्यांचा आहे, डब्याच्या कितीतरी पुढे, आणि डॉक्टरांनी लिहून दिली तर लाजायचं कारण नाही. पण ज्यांना छातीच्या दुखण्यासाठी जिभेखालची सॉर्बिट्रेट किंवा दुसरी नायट्रेट चालू आहे त्यांनी ती घेतली तर बीपी धाडकन कोसळतं, जीव जाऊ शकतो. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांसोबत पण जपावं लागतं. आणि समजा तुम्ही गुपचूप घेतली आणि त्या रात्रीच छातीत दुखलं तर कॅज्युअल्टीत पहिलं वाक्य हेच बोला की मी ही गोळी घेतलीय, नाहीतर ते सॉर्बिट्रेटच ठेवतील जिभेखाली. आर्जिनिन आणि या गोळ्या एकत्र देऊन छोट्या ट्रायल्स झाल्यात, त्यात थोडा जास्त फरकही दिसला, पण तिथे डोस माहीत होता आणि बीपी बघायला माणूस होता. तुमच्या डब्यात काय आहे तेच माहीत नाही. "नॅचरल" म्हणून विकलेल्या पुरुषशक्तीच्या कॅप्सूलमध्ये लपवून घातलेलं सिल्डेनाफिल अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे तिथल्या औषध नियंत्रकाने, कितीतरी वेळा पकडलंय, त्यामुळे एखादी पावडर तासाभरात जादू करत असेल तर खूश होण्याऐवजी संशय घ्या.

तंबाखू "थोडी" म्हणजे किती हे तुम्ही लिहिलं नाही, कोणीच लिहीत नाही. निकोटीन नळ्या आवळतं, मळून खाल्लं काय आणि ओढलं काय, गालात ठेवलेली तंबाखू तर तासन्‌तास झिरपत राहते. एका बाजूने नळ्या सैल करायला हजारोंची पावडर घ्यायची आणि दुसऱ्या बाजूने दहा रुपयांच्या पुडीने आवळायच्या, हिशोब तुम्हीच करा. दुसरं वजन. २००४ सालचा इटलीचा एक अभ्यास आहे, ११० लठ्ठ पुरुष, ३५ ते ५५ वयाचे, सगळ्यांना हा त्रास, निम्म्यांना नीट आहार आणि व्यायाम लावून दिला, दोन वर्षांनी त्यातल्या जवळपास एक तृतीयांश लोकांचं गाडं रुळावर आलं, गोळी नाही पावडर नाही. तुमचं वजन तुम्ही लिहिलं नाहीये पण जिमला जाताच आहात तर नुसते डंबेल्स न मारता रोज अर्धा-पाऊण तास भरभर चाला, रक्त वेगाने वाहिलं की एन्डोथेलियम स्वतःच जास्त नायट्रिक ऑक्साइड बनवायला शिकतं.

आर्जिनिन खाण्यातून पण येतंच, मूठभर शेंगदाण्यात जवळपास एक ग्रॅम असतं, तीळ, भोपळ्याच्या बिया, हरभरा, डाळी, मासे, अंडी सगळ्यात असतं. बीट आणि पालेभाज्यांचा रस्ता वेगळा, त्यातल्या नायट्रेटचं तोंडातले जंतू नायट्राइट करतात आणि त्याचं पुढे नायट्रिक ऑक्साइड होतं, आर्जिनिन लागतच नाही. दिवसातून दोन-तीनदा जंतुनाशक माउथवॉशने गुळण्या केल्या की हा रस्ता बंद होतो. तंबाखूचा वास लपवायला तुम्ही त्या करत असाल अशी मला शंका आहे.

बायकोचं. तिला सांगा. डब्याआधी, तपासण्यांच्या पण आधी. तुम्ही टाळताय आणि ती कारण शोधतेय, आणि तिला सुचलेलं कारण खऱ्या कारणापेक्षा शंभर पट वाईट आहे. भाषण नको, "मला हा त्रास होतोय, शुगरमुळे असेल, शनिवारी रक्त द्यायला चाललोय, येतेस का" एवढं पुरे. शिवाय जमलंच पाहिजे हे ओझं उतरलं की अ‍ॅड्रेनॅलिन पण खाली येतं, ते वर सांगितलंच.

उरलेल्या डब्याचं काय करायचं, तर रिपोर्ट येईपर्यंत बंद ठेवा आणि डॉक्टरकडे जाताना सोबत घेऊन जा, नुसतं नाव सांगू नका, मागचं लेबल त्यांना वाचू द्या. त्यांनी हो म्हटलं तर लेबलवर लिहिलंय त्यापेक्षा जास्त नाही, आणि कॅफिन असेल तर झोपायच्या सात-आठ तास आधीच, म्हणजे तुमच्या नाईट शिफ्टच्या आठवड्यात जवळपास नाहीच.